बोटीचा स्पीकर आणि दुकानदाराची बादली

मंडळी, आज नवऱ्यासोबत बोटीसाठी स्पीकर घ्यायला गेले होते. अजून हसू आवरत नाहीये.

धरणावर पर्यटकांना फिरवणारी आमची छोटी बोट आहे. पाणी उडून उडून जुना स्पीकर बंद पडला आणि गाणी नाहीत म्हणून लोक सरळ शेजारच्या बोटीत बसायला लागले. त्यामुळे इंदिरानगरच्या दुकानात मी स्पष्टच विचारलं, "दादा, वॉटरप्रूफ म्हणताय ना, मग बुडवून दाखवाल?"

नवरा कानात पुटपुटला, "अगं, असं कुणी विचारतं का?"

पण दुकानदार इरेला पेटले. बादली भरून आणली, स्वतःच्या मोबाईलवरून ब्लूटूथने स्पीकरवर गाणं लावलं आणि वाजणारा स्पीकर पाण्यात बुडवला. आवाज बंद! बाहेर काढला, तर गाणं परत सुरू. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दादा खुशीत बादली उचलायला वाकले आणि वरच्या खिशातला मोबाईल डुबुक! गाणं थांबलं ते थांबलंच.

काउंटरवरून त्यांची बायको म्हणाली, "ताई, आता स्पीकर घेतल्याशिवाय जायचं नाही हं!"

घेतला बाई. दादांचा मोबाईल सध्या तांदळाच्या डब्यात आहे. वाचेल का हो तो? तुमच्यापैकी कुणाचा वाचलाय?