कापसावर घेतलेला आळ

दोस्तहो, आज किळस आलीय, म्हणून लिहितेय.

पुसदच्या एका दुकानातून घेतलेला आमचा जुना कम्प्युटर महिनाभर मध्येच बंद पडायचा. दुकानदार म्हणाला, "अवो ताई, घरात कापूस भरता, मंग बंद पडन नाही त काय? रुई जाते ना पंख्यात!"

बाबा म्हणाले, "कापूस त दरसाली असते. टीव्ही कधी बंद पडला का?"

मी दुकानदाराचं ऐकलं. भाव वाढेपर्यंत खोलीत रचलेला कापूस बाबांना ओसरीत काढायला लावला. जनावरं तोंड घालतील म्हणून ते आठ दिवस थंडीत त्याच्याजवळ झोपले. आता खोकतायत.

कम्प्युटरचा पंखा साफ केला, तरी तेच. आज मी सेटिंग उघडून वेगाचे आकडे कंपनीच्या आकड्यांशी ताडून पाहिले. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला होता, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेला, म्हणून तापून बंद पडायचा. मूळ सेटिंगवर आणला. चार तास झाले, एकदाही बंद पडला नाही.

दुकानदाराला फोन केला, तर हसला. "फुकटात स्पीड वाढवून देली तुमाले, अन् वरून बोलून राह्यल्या?"

त्याची किळस आलीच, त्याहून जास्त माझी. घरातली पहिली पदवीधर मी, आणि न तपासता कापसावर आळ घेतला.

आत्ता बाबा दारात उभे राहून विचारतायत, "मंग, कापूस आत आनू का?"

स्वतःच्याच घरात ते माझी परवानगी मागतायत. तुमच्याही घरी शिकलेल्याचा शब्द असाच, न तपासता चालतो का?