इतिहासाच्या सरांची बांधी

त्या सोमवारी माझ्या यादीत पहिलं काम होतं, अंतिम वर्षाचे अंतर्गत गुण विद्यापीठाला पाठवणं. बुधवार उजाडला तरी ते पहिलंच होतं. कार्यालयातला मोठा संगणक गुण भरू द्यायचा, पान नीट दाखवायचा आणि 'साठवा' म्हटलं की सांगायचा, डिस्कवर जागा शिल्लक नाही.

ब्रह्मपुरी आणि मूलच्या मधल्या धानपट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी कार्यालय अधीक्षक आहे. मोठा संगणक म्हणजे आमच्याकडचा सामाईक संगणक. प्रत्येक विभागाचं एक फोल्डर त्यात आहे आणि विभागातल्या संगणकावरून कोणत्याही फोल्डरमध्ये हवं ते टाकता येतं. टाकता येतं म्हणून लोक टाकतात. गुण पाठवायची प्रणाली मात्र फक्त याच यंत्रावर बसवलेली होती, आणि साठवायला तिला भरपूर मोकळी जागा लागायची.

बाहेरच्या बाकावर एक मुलगी बसलेली असायची. बी.ए.ची परीक्षा दिलेली, पण अंतर्गत गुण गेले नाहीत म्हणून सगळ्या वर्गाचा निकाल राखून ठेवलेला. बाकीच्यांना घाई नव्हती. हिला चंद्रपूरला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत गुणपत्रिका दाखवली नाही तर तो प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होता. रोज सकाळच्या बसने यायची, मांडीवर प्लास्टिकची फाइल घेऊन बसायची.

"मॅडम, आज होऊन जाईन का?"

"बघते."

"कालबी तुमी बघतेच म्हणलं होतं."

उद्धट नव्हती, नोंद ठेवत होती. मला अशी माणसं आवडतात.

जागा मिळवायचे मार्ग मी कागदावर लिहून काढले आणि एकेक खोडत गेले. नवी डिस्क घ्यायची तर खरेदी समिती बसली पाहिजे, आणि ती, महाविद्यालयाची पाहणी करायला येणारी तपासणी समिती येऊन गेल्यावरच बसणार होती. पेनड्राइव्ह लावायला बंदी होती, कारण मागे एकदा क्रीडा विभागाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि प्राचार्यांच्या पडद्यावर नको ती जाहिरात नाचली. राहिलं पुसणं. त्यावर प्राचार्य म्हणाले, "विभागप्रमुखाच्या संमतीशिवाय एक फाइल हलवायची नाही. समितीनं नेमकी तीच मागितली तर?"

मग मी विभागप्रमुखांकडे फिरले. प्रत्येकाचं म्हणणं एकच: माझं सगळं अत्यावश्यक आहे, शेजारच्याचं बघा.

माझी नणंद चंद्रपूरला एका खासगी कचेरीत संगणकाचं काम बघते. मी फोन लावला.

"वहिनी, तुमी पुसाले काऊन धावून राह्यल्या?" ती म्हणाली. "आदी पाहून तर घ्या, कोन किती अडवून बसला आहे ते."

"ते कसं पाहायचं? एकेक फोल्डर उघडून पाहिलं तर मी निवृत्त होईन."

"एक फुकटचं साधन आहे. डिस्कचं चित्र काढून देते. ज्याचं सामान जास्त त्याचा चौकोन मोठा. माझ्या भावाले बी दाखवा, घरातल्या कपाटाले लावता येते का म्हना."

तिने सांगितलं तसं ते उतरवलं आणि चालू केलं. बराच वेळ एक पट्टी सरकत राहिली. मग पडदा एकदम भरला आणि मी चष्मा पुसून पुन्हा लावला. लहानमोठे रंगीत चौकोन, एकाला एक चिकटलेले, मध्ये बारीक काळ्या रेघा. टेकडीवरून धानाची शेती पाहिली की बांधांनी पाडलेले असेच तुकडे दिसतात, आमच्याकडे त्यांना बांध्या म्हणतात. कोणत्याही चौकोनावर माउसचा बाण नेला की आत काय आहे ते खाली लिहून यायचं.

सगळ्यात मोठी, हिरवीगार बांधी वनस्पतिशास्त्राची होती. आत वृक्षारोपणाचे फोटो. आमच्या कुंपणापलीकडे जंगल सुरू होतं, साग कोणालाही न विचारता उगवतो. तरी आम्ही दरवर्षी झाड लावतो, तेही जिथे मागच्या वर्षी लावलं होतं त्याच खड्ड्यात. खड्डा खणायचा खर्च वाचतो. मी फोटो एकामागून एक पाहिले. झारी तीच, खड्डा तोच, प्राचार्यांचे शर्ट बदलत गेलेले. एका वर्षी रोप पिशवीसकट लावलं होतं. बऱ्याच फोटोंत मागे एक बकरी उभी होती, फोटो संपायची वाट पाहत. झाड एकही नाही, पण पडद्यावर जंगल दाट होतं.

त्याच्या धुऱ्याला लागून क्रीडा विभाग. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तिथे कबड्डीच्या अंतिम सामन्याचं चित्रण होतं. सामना संपल्यावर कॅमेरा बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून पुढे तास न् तास मांडवाचं कापड आणि एक चप्पल. मराठी विभागात वार्षिकांकाच्या प्रती होत्या: 'अंतिम', 'नवे अंतिम', 'खरे अंतिम', 'साहेबांनी पाहिलेले खरे अंतिम'. 'जुना संगणक' नावाच्या फोल्डरमध्ये 'त्याआधीचा जुना संगणक' होता, आणि त्याच्या पोटात आणखी एक. 'महत्त्वाचे' म्हणून एक फोल्डर होतं, त्यात कोणाच्या तरी भाचीचं लग्न. अर्धं कार्यालय त्यात जेवताना दिसत होतं.

माझ्या साऱ्या याद्या मिळून एक ठिपका. तो शोधायला मला वेळ लागला, आणि सापडल्यावर बरं वाटलं.

इतिहास विभागाचाही ठिपकाच होता. इतिहासाचे सर संगणकाला हात लावत नसत. ते तत्त्व होतं असं नाही. डबा खाल्ल्यावर ते खुर्चीतच डोळे मिटायचे आणि उघडायचे तेव्हा घरी जायची वेळ झालेली असायची. त्यांच्या फोल्डरमध्ये एकच फाइल होती, तीही मीच टाकलेली.

मला वाटलं, आता काम सोपं आहे. चित्र दाखवायचं, लोक लाजतील, आपापलं पुसतील. गुरुवारी सकाळी प्राचार्यांना सांगून सगळ्या विभागप्रमुखांना बोलावलं आणि चित्र भिंतीवर पाडलं.

मग प्रत्येक जण आपला चौकोन शोधू लागला. आणि तेव्हा मला कळलं की मी कुठल्या गावात नोकरी करते ते विसरले होते. त्या खोलीतला प्रत्येक माणूस धानकऱ्याच्या घरातला. भिंतीवर बांध्या दिसल्यावर तो दुसरं काय बघणार?

"माझी एवढीच?" मराठीच्या बाई म्हणाल्या. "वीस वर्षं घासली मी इथे."

"क्रीडाले एवढी मोठी काऊन?" वनस्पतिशास्त्राचे सर म्हणाले. त्यांची स्वतःची त्याहून मोठी होती, पण धुरा लागून होता.

"तुमी तर अर्धी डिस्क दाबून बसले, सर. आमी काई बोल्लो का?" क्रीडाचे सर म्हणाले.

"मी काम करतो. मांडवाच्या कापडाचे फोटो नाही काढत."

"बकरीचे काढता."

प्राचार्यांनी टेबलावर हात आपटला. मला वाटलं, आता ते मुद्द्यावर येतील. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, चित्र फारच छान आहे. रंगीत प्रत काढा, लॅमिनेट करा. समितीला प्रवेशद्वाराशीच दाखवू. विभागांची प्रगती."

"सर, ही अडगळ आहे."

"समितीला कुठं माहीत आहे?"

दुपारी मी साधन पुन्हा चालवलं. सकाळी नावापुरती उरलेली फटही बुजली होती. मराठीच्या बाईंनी वार्षिकांक आणखी एकदा चढवला होता. वनस्पतिशास्त्राने फोटो आणखी चढवायचा प्रयत्न केला होता आणि जागा नाही म्हणून तो अर्ध्यावर अडकला होता. ते सर माझ्याकडे तक्रार घेऊन आले, की क्रीडाने धुरा कोरला.

मुलगी बाकावरून सगळं ऐकत होती. जाताना दारात थांबली.

"मॅडम, माझा बाप म्हनते, धुऱ्याचं भांडन कोर्टातबी सुटत नाई."

"मग कशानं सुटतं?"

"मोजनीवाला आला का सगळे चूप बसते."

बस निघून जाईल म्हणून ती पळाली. मी बसून राहिले. मोजणीवाला. आमच्या सासऱ्यांकडून ऐकलं होतं की जास्तीची जमीन काढून घेणारा सीलिंगचा कायदा आला तेव्हा, कालपर्यंत मिशीला पीळ देऊन एकर सांगणारे लोक एका रात्रीत अल्पभूधारक झाले. जमीन भाच्याच्या नावावर, साळ्याच्या नावावर. एकाने तर बैलाच्या नावावर केली म्हणतात.

शुक्रवारी सकाळी मी एक सूचना काढली आणि स्वतः प्रत्येक विभागात नेऊन वाचून दाखवली. सूचना खरी होती. तपासणी समिती आली की सगळंच पाहू शकत नाही, ती मोठं दिसेल ते आधी उघडते. तेव्हा ज्या विभागाचा चौकोन सर्वात मोठा, त्यांनी आपली प्रत्येक फाइल समितीसमोर उघडून समजावून सांगायची तयारी ठेवावी. बस, एवढंच.

वनस्पतिशास्त्राच्या सरांनी ती दोनदा वाचली. "प्रत्येक फोटो?"

"प्रत्येक. खड्ड्याचा पत्ताही विचारतील."

मराठीच्या बाईंनी विचारलं, 'साहेबांनी पाहिलेले खरे अंतिम' यावर साहेबांची सही लागेल का. मी म्हटलं, लागली तर?

तासाभरात सगळे कामाला लागले. इतकी शांतता आणि इतकी टकटक मी त्या इमारतीत ऐकली नव्हती. डबा खाल्ल्यावर मी मोठ्या आशेने साधन चालवलं. पट्टी सरकली, पडदा भरला.

वनस्पतिशास्त्राची बांधी चिमूटभर. क्रीडाची तेवढीच. मराठी विभाग तर अल्पभूधारक म्हणून शिक्का मारून घ्यायला तयार. आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अवाढव्य चौकोन: इतिहास.

कोणीही काहीही पुसलं नव्हतं. सगळ्यांनी आपापलं सामान उचलून, ज्याला काही कळणार नाही अशा माणसाच्या नावावर करून टाकलं होतं. एका डिस्कवरच्या एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेल्याने जागा तसूभरही वाढत नाही. मी 'साठवा' दाबलं. जागा शिल्लक नाही. बाकावर मुलीने मान वर केली, माझा चेहरा पाहिला आणि पुन्हा खाली घातली.

मी इतिहासाच्या सरांना उठवलं. ते पडद्यासमोर उभे राहिले, हात मागे बांधून.

"हे सगळं माझं?"

"आजपासून."

"कालपर्यंत तर माझं काहीच नव्हतं."

"रात्रीतून श्रीमंत झालात, सर."

मी त्यांना काही चौकोन उघडून दाखवले. झारी, चप्पल, लग्नाची पंगत. पंगतीत ते स्वतः होते, ताटावर वाकलेले. "हा मी," ते म्हणाले, आणि जरा वेळ पाहत राहिले. मग मी सूचना त्यांच्या हातात दिली. वाचता वाचता त्यांची झोप पूर्ण उडाली.

"म्हणजे समिती आली की हे मी समजावून सांगायचं? एकेक?"

"सूचनेत तसं आहे."

"डबा खाल्ल्यावर?"

"समिती दुपारीच येते, सर."

ते खुर्चीत बसले. बाहेर कोणीतरी उगाच पाणी प्यायला येऊन गेलं. मी नियम सांगितला, कारण नियम माझ्या बाजूने होता: विभागप्रमुखाच्या संमतीने त्या विभागाच्या फोल्डरमधलं काहीही काढता येतं. विभागप्रमुख तुम्ही, फोल्डर तुमचं.

"मग पुसा," ते म्हणाले.

"सगळं?"

"पंगत राहू द्या." जरा थांबून, "नाही, तीही पुसा. समिती विचारेल, कोणाचं लग्न."

मी अविचारी बाई नाही. आधी पाहून घेतलं: गुण, हजेरी, प्रवेश, सेवापुस्तकं, सगळं कार्यालयाच्या फोल्डरमध्ये सुखरूप होतं. वृक्षारोपणाचा दरवर्षाचा एकेक फोटो आणि वार्षिकांकाची जी प्रत खरोखर छापली गेली ती बाजूला काढली. इतिहासाच्या सरांकडून दोन ओळींची संमती लिहून घेतली. मग पुसलं. साधन पुन्हा चालवलं तेव्हा पडद्यावर मोठी करडी मोकळी जागा होती, धान निघाल्यावरच्या शेतासारखी.

'साठवा' म्हटलं, साठलं. गुण गेले. विद्यापीठात निकालाचं टेबल सांभाळणाऱ्या बाईंना मी फोन केला आणि जोपर्यंत त्यांनी "दिसून राह्यले, मॅडम, दिसून राह्यले" असं दोनदा म्हटलं नाही तोपर्यंत ठेवला नाही.

यानंतर मी दंग्याची वाट पाहिली. फोटो गेले, चित्रण गेलं, कोणीतरी येणारच. कोणी आलं नाही. येणार कसं? विचारायचं तर आधी कबूल करावं लागेल की ते आपलं होतं. वनस्पतिशास्त्राचे सर एकदा दारापर्यंत आले, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं आहे ना सगळं?" मी म्हटलं, बरं आहे. मराठीच्या बाईंनी नवा वार्षिकांक करायला घेतल्याचं कळलं. प्राचार्यांची रंगीत प्रत तेवढी प्रवेशद्वाराशी लागली, गुरुवारची, बांध्यांनी भरलेली. समिती तिच्यासमोर थांबली आणि एका सदस्याने विचारलं, ही शेतजमीन महाविद्यालयाची का? प्राचार्य हो म्हणाले.

पण ते नंतर. शनिवारी सकाळी निकाल लागला. मुलगी पहिल्या बसने आली होती. मी तिची गुणपत्रिका छापून, शिक्का मारून दिली. तिने ती फाइलमध्ये ठेवली, पुन्हा काढून पाहिली, पुन्हा ठेवली. चंद्रपूरची बस सुटायला थोडा अवकाश होता.

"मॅडम, एक फोटो काढू का तुमच्यासंग? इथी, बाकावर."

"काढ. एकच."

तिने मोबाईल लांब धरला. इतिहासाचे सर कोपऱ्यातून आपोआप येऊन मागे उभे राहिले. फोटो निघाला.

"पाठवू का तुमाले? कार्यालयाच्या संगनकावर?"

"तुझ्याजवळच राहू दे," मी म्हटलं. "आणि पळ, बस लागली."