जमिनीखालचा ठोका

त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. शाळा दहावीला सुटलेली, पण रस्त्याला कान लावून आजार सांगायचा, म्हणून डॉक्टर! जमिनीखाली विजेची केबल कुठे फुटली, ते वरून थोडंच दिसतं? मग व्हॅनमधल्या मशीनने केबलमध्ये थांबून थांबून जोराचे झटके सोडायचे. झटका फुटक्या जागी पोचला की खाली धप्प होतं. डॉक्टरने कानाला हेडफोन लावून, काठीच्या टोकाचा माइक रस्त्यावर टेकवत चालायचं. धप्प जिथे सगळ्यात मोठं, तिथे टाच आपटून म्हणायचं, "खणा." उभ्या आयुष्यात त्याला हे एकच काम आलं, आणि काय झकास आलं!

आता कानच गेले होते. जाताहेत, असं तो म्हणायचा. घरी टीव्ही असा कोकलायचा की शेजारी भिंत बडवायचे, आणि ते बडवताहेत हेही बायकोनेच सांगायचं.

"अहो, ऑफिसात सांगून टाका ना एकदाचं," ती म्हणायची. म्हणायची कसली, ओरडायचीच बिचारी.

"आणि मग? स्टोअरमध्ये बसून माशा मारू?"

घराबाहेर हे फक्त साडूला ठाऊक होतं. व्हॅन आणि मशीन त्याच्याच हातात. ठोका पडला की तो खिडकीतून हळूच बोट उचलायचा, आणि डॉक्टर तेवढ्या क्षणापुरते कानात प्राण आणून ऐकायचा. तरी गेले दोन खड्डे चुकलेच. खाली केबल धडधाकट!

तिसऱ्या वेळी साहेब स्वतः हजर. "आज चुकलं तर हेडफोन ठेवायचे आणि स्टोअर गाठायचं," त्यांनी रोखठोक सांगितलं, आणि नेमके व्हॅनच्या खिडकीलाच टेकून उभे राहिले. साडूचं बोट आतच राहिलं.

दुकानं अंधारात, माणसं दारात, आणि भर रस्त्यात डॉक्टर एकटा. आवाज शेवटपर्यंत वाढवलेला, तरी कानात नुसती शांतता. चप्पलवाल्याच्या दुकानापर्यंत आला, पुढे पाऊल टाकवेना.

आणि धप्प!

तो थबकला. पुन्हा धप्प. तसंच, ओळखीचं, जड. हात्तिच्या, उगाच घाबरत होतो की आपण! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी बायकोला काय सांगायचं तेही ठरून गेलं. त्याने टाच आपटली.

"इथेच! काय सणसणीत वाजतंय! खणा!"

कुणी कुदळ उचलली नाही. साडू धावत आला आणि काहीतरी पुटपुटला.

"काय?" डॉक्टरने हेडफोन गळ्यात उतरवले.

साडू कानाशी लागून पुन्हा बोलला.

"अरे, काय म्हणतोस?"

साडूने एकदा साहेबांकडे पाहिलं. मग बिचाऱ्याला ओरडावंच लागलं.

"दादा, मशीन कधीचं बंद पडलंय! फ्यूज उडालाय!"

सगळ्या रस्त्याने ऐकलं. दारातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी येऊन हात पुढे केला, आणि डॉक्टरने गळ्यातले हेडफोन काढून त्यांच्या हातात दिले.

कानात ठोके अजून पडतच होते, छातीतल्या धडधडीच्या तालावर.