वगळलेल्यांचा चहा

मुलांनो, परवा धाकट्याने फोनवर विचारलं, "आजी, क्लबच्या नव्या भिंतीवर मॅनेजरांचे फोटो लागलेत, त्यात आजोबा कुठेत?" इतक्या दूर बसून त्याने ती भिंत मोबाइलवर पाहिली होती. मी विषय बदलला. राग आला की मला नीट बोलता येत नाही, लिहिता येतं. म्हणून क्रमाने लिहिते.

तुम्ही ज्याला कोच म्हणता, त्याला आमच्याकडे मॅनेजर म्हणत. गावच्या फुटबॉल क्लबचे पहिले मॅनेजर तुमचे आजोबा. शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी वाडीतल्या केळींना पाणी सोडून मैदानावर जायचे. शनिवारी ते पुढच्या सामन्याचा संघ तोंडी सांगत. ज्याला वगळलं असेल त्याने रविवारी सकाळी आमच्या ओटीवर चहाला यायचं, आणि का वगळलं ते आजोबांनी त्याला समोर बसवून सांगायचं, असा त्यांनी रिवाजच घातला होता. चहा माझ्याकडे, सोबत वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी. कोणी रडे, कोणी भांडे, पण येत सगळे.

मिठागराकडच्या एका मुलाबरोबर त्याची आईच आली. "मास्तर, माजा पोर काय पानी भराला ठेवलाय काय तुमी?"

आजोबा म्हणाले, "बाई, डावा पाय त्याने देवाला वाहिलाय. तो परत आणू दे, लगेच घेतो."

"मंग उजवा बांदून ठेवते आठ दिस," ती म्हणाली आणि आणखी एक सुकेळं उचललं.

आजोबांनंतर विरारचे एक रेल्वेतले गृहस्थ मॅनेजर झाले, मग आचोळ्याचे एक निवृत्त फौजदार. रेल्वेवाल्यांकडचा चहा पानचट आणि फौजदारांची जीभ तिखट, पण वगळलेल्याला दोघेही घरी बोलवत.

पुढे क्लब व्यावसायिक झाला, म्हणजे एका बिल्डरने तो घेतला. नायगावला त्याचे टॉवर उभे राहत होते आणि जाहिरातीत त्याला खेळाडू हवे होते. तेव्हापासून मॅनेजर बदलण्याची जी तऱ्हा सुरू झाली, तिची मला किळस येते. पहिला परदेशी आणला. ढोल-ताशे, फेटा, मालकाशेजारी फोटो. ओळीने सामने हरल्यावर त्याला विमानतळावर सोडायला गाडीसुद्धा दिली नाही. मग गोव्याचा एक भला माणूस आला. आपल्याला काढलं हे त्याला सरावाला आल्यावर कळलं, कारण मैदानात दुसराच कोणी शिट्टी वाजवत होता. त्यानंतरचे तर माझ्या लक्षातही नाहीत. फेटा मात्र दर वेळी तोच असायचा, घामाच्या डागांसकट, एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर. खेळाडूंना वगळल्याचा मेसेज जाई. कारण विचारलं तर उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र.

शेवटी मिठागराकडचा तोच मुलगा मॅनेजर झाला. मधल्या काळात तो मुंबईत खेळला होता, प्रशिक्षकाच्या परीक्षा पास झाला होता. विरारच्या आपल्या फ्लॅटवर त्याने वगळलेल्यांना पुन्हा चहाला बोलवायला सुरुवात केली. "कॅन्टीन चालवतोस काय?" मालकाची माणसं त्याला विचारत.

यंदा क्लबच्या कचेरीतला एक तरुण आपल्या घरी आला. "आंटी, सरांचा जुना फोटो पाहिजे. हिस्टरी वॉल बनवतोय. ओपनिंगला नवीन मॅनेजर पण लॉन्च करायचाय."

"नवीन? आणि आहे तो?"

"त्याला मेसेज जाईल ना संध्याकाळी."

"त्याचं चुकलं काय?"

"चुकलं असं काय नाय. आमच्या मालक सरांना चेंज पाहिजे. तुम्ही टेन्शन नका घेऊ." हे तो माझंच सुकेळं चघळत सांगत होता.

मी म्हटलं, "तुझ्या मालकाला सांग, त्याने या ओटीवर यावं, मॅनेजरच्या समोर बसावं आणि तोंडाने सांगावं. मग फोटो चौकटीसकट घेऊन जा."

तो हसला. "सर इकडे येणार? चहाला?"

मी त्याच्यापुढची बशी उचलून आत नेली. पाहुण्यापुढची बशी मी त्याआधी कधी उचलली नव्हती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मालक आला नाही. मेसेज गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर ओटीवर येऊन बसला. "बाई, मला वगळलं," म्हणाला. मी चहा दिला. कप रिकामा झाला तरी तो उठेना. मग माझ्या लक्षात आलं की आतून कोणीतरी येऊन कारण सांगेल, अशी त्याला जुनी सवय होती.

"तुम्हाला तरी काही बोलले का ते?"

"चेंज पाहिजे म्हणाले."

"एवढंच?" तो पायांकडे बघत राहिला. "डाव्या पायाचं तरी सांगायचं."

चहा मी देऊ शकत होते, पण वगळल्याचं कारण कुठून देणार? या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत ओंगळ वाटलं ते हेच.

भिंतीचं उद्घाटन झालं. पहिल्याचा, म्हणजे आजोबांचाच, फोटो मिळाला नाही, म्हणून क्लबवाल्यांनी रेल्वेवाल्यांना आणि फौजदारांनाही गाळलं आणि क्लबचा इतिहास परदेशी पाहुण्यापासून सुरू केला. नव्या मॅनेजरला फेटा बांधला.

क्लबचं नाव, रंग आणि मैदान मालकाकडे आहे. ज्याला काढलं तो खाडीकडच्या कापणी झालेल्या भातखाचरात गावच्या मुलींना फुटबॉल शिकवतो. त्यांचा संघ झाला आहे. आजोबांचा फोटो घरी आहे.