नामवेराचा रिकामा खळगा

वायसन चिसुसे कोणत्या संघाचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि त्याची मला मनापासून चीड आहे. लिंबे शहरात माझी खानावळ आहे, आणि बरोबर माझ्या डोक्यावर, जिना चढून गेलं की, फुटबॉल लीगचं ऑफिस. क्लबांचे अध्यक्ष, कोच, रेफ्री, सगळे माझ्याकडेच जेवतात. सोमवारी माणूस मक्याच्या उकडीचा, म्हणजे न्सिमाचा, गोळा कसा मोडतो, यावरून त्याचा संघ रविवारी जिंकला की हरला ते मी चुलीपाशी बसून सांगते. या चिसुसेचं मात्र काही म्हणजे काही कळत नाही. हा मेला कुठल्याही सोमवारी तेवढाच सावकाश जेवतो, बोटं धुतो आणि म्हणतो, "माई डोरिका, मासे आज छान झालेत."

लीगचं वेळापत्रक करणं हे त्याचं काम. आधी तो रेल्वेत गाड्यांची वेळापत्रकं करायचा. गाड्या कमी होत गेल्या, तसा तो फुटबॉलकडे आला. ऑफिसात कॉम्प्युटर आहे, पण चिसुसे सामने मांडतो ते बावोच्या पाटीवर. आमच्याकडे झाडाखाली म्हातारे बिया टाकत खेळत बसतात ना, तीच लाकडी पाटी. एक खळगा म्हणजे एक शनिवार, आणि प्रत्येक क्लबाची बी त्याच्या रंगाच्या दोऱ्याने बांधलेली. वरच्या ओळींत घरचे सामने, खालच्या ओळींत बाहेरचे. कोणाला लागोपाठ लांबचा प्रवास पडू नये, दमलेल्या संघासमोर ताजातवाना संघ येऊ नये, म्हणून बिया इकडून तिकडे सरकवत तो माझं टेबल तासन्‌तास अडवून ठेवायचा.

"बाम्बो चिसुसे," मी एकदा चिडवलं होतं, बाम्बो म्हणजे बाबा, मानाची हाक, "घरी भांडायला बायको राहिली नाही, वाटणी मागायला भाऊ नाही. एवढा न्याय कोणासाठी साठवताय?"

"साठवत कुठे आहे, माई? वाटतोच आहे," म्हणाला, आणि परत बियांत डोकं.

मग ते चक्रीवादळ आलं. लीग आधीच रखडलेली होती, शेवटच्या काही फेऱ्या उरल्या होत्या. आमच्या ऑफिसचे पत्रे उडाले, ते एक असो. पण नामवेरात डोंगरच खाली आला. अर्धी वस्ती चिखलाखाली गेली. नामवेरा युनायटेड हा त्या वस्तीचा क्लब, आणि त्यातली बहुतेक पोरं तिथलीच. लीग काही दिवस थांबली, मग बाकीच्यांचे सामने सुरू झाले. नामवेराचे तेवढे मागे पडत गेले. पाटीवर त्यांचे खळगे रिकामे दिसायला लागले.

"दुःख ते दुःख आणि लीग ती लीग," काडेवेरे म्हणाला. हा काम्बिरी फिशर्सचा अध्यक्ष, तळ्याकाठचा, पोट एवढं की टेबल पुढे ढकलून बसतो. "त्यांना खेळायचं नसेल तर गुण आम्हाला द्या. आम्ही किती दिवस वाट बघायची?"

"आधी स्वतःच्या ताटातला मासा संपवा," मी म्हटलं, "मग दुसऱ्याच्या ताटाकडे बघा."

पण कमिटीनेही त्याचीच री ओढली. ठरलं असं, की चिसुसेने नामवेराला नव्या तारखा द्यायच्या, आणि त्या तारखांना ते दोनदा आले नाहीत तर क्लब लीगमधून बाद. म्हणजे संपलंच की हो! घरं गेलेली, चहाच्या मळ्यात काम नाही, त्या पोरांच्या हातात फुटबॉलशिवाय उरलं होतं काय?

चिसुसेने जीव ओतून फिशर्सविरुद्धच्या सामन्याची तारीख काढली. मैदान तिसऱ्याच गावचं, दोघांनाही सारखंच लांब. फिशर्स फार ताजे नकोत, म्हणून त्यांना आधीच्या शनिवारी सुट्टी नाही. दारोदार फिरून नामवेराच्या पोरांसाठी बूट गोळा केले, बस ठरवली. शनिवारी फिशर्स मैदानात उतरले, गाणी म्हणून झाली, रेफ्रीने घड्याळ बघितलं. नामवेराचं कोणी आलंच नाही. बस रिकामी परत आली.

त्या सोमवारी चिसुसेने न्सिमाला हात लावला नाही. माझे कान टवकारले. म्हटलं, सापडला चोर!

"म्हणजे तुम्ही नामवेराचे तर!"

"माई, गाडी आली नाही तर स्टेशनमास्तर प्रवाशांवर ओरडत नाही. रूळ जागेवर आहेत का ते आधी बघायला जातो." तो उठला. "मी नामवेराला जाऊन येतो."

मी खानावळीला कुलूप घातलं आणि सुक्या माशांचं पातेलं डोक्यावर घेऊन निघाले. "तुम्ही कशाला?" त्याने विचारलं. "लोकांना खायला नको?" मी म्हटलं. ते खरंच होतं, पण ती पोरं का आली नाहीत हे समजल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती, हेही तितकंच खरं.

नामवेराच्या मैदानावर तंबू होते. एका गोलपोस्टपासून दुसऱ्यापर्यंत दोर बांधून कपडे वाळत घातलेले. आणि वर, जिथे घरं होती तिथल्या चिखलात, संघ होता. सगळाच्या सगळा संघ, जर्सी घालून, कुदळी घेऊन खणत. आम्हाला बघून त्यांचा गोलकीपर लिम्बिकानी खाली आला. पूर्वी सामन्यानंतर माझ्याकडे तीन माणसांचं जेवायचा तो. गालफडं पार बसली होती पोराची.

"बूट मिळाले का रे?" चिसुसेने विचारलं.

"मिळाले, बाम्बो. त्यांचा उपयोग झाला. चिखलात पाय टिकतात."

"मग शनिवारी?"

"आई घरात असताना खेळायला कसा येऊ?"

"आई सापडली?" मी मध्येच बोलले.

"नाही, माई. पण इथेच आहे ना ती." त्याने कुदळीने खाली दाखवलं.

मी तोंडावर हात ठेवला. आमच्यात मयत पुरेपर्यंत कोणी शेतात जात नाही, ढोलाला हात लावत नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण शहरात बसून आम्ही धरून चाललो होतो, की इतके दिवस झाले, आता पुरणं झालं असेल, सुतक फिटलं असेल. इथे मुळात पुरायलाच काही हाती लागलं नव्हतं. चिसुसेने त्यांना विश्रांतीचे दिवस मोजून दिले होते, आणि त्यांचा पहिलाच दिवस अजून उजाडायचा होता.

इतक्यात गोगो नासोलो काठी आपटत आली. गोगो म्हणजे आजी. ती त्या वस्तीची मुखिया. ती आमच्यावर नाही, पोरांवरच बरसली.

"बघा यांना! आपल्या आयांसाठी आपणच खणतायत! सांगून सांगून माझा घसा बसला. कुठल्या कुळात बघितलंय का असं?"

तिचं बरोबर होतं. घरच्यांनी कुदळ धरायची नसते, त्यांनी बसून रडायचं. खणायला येतात ते दुसऱ्या कुळाचे शेजारी. त्यांना आम्ही 'नातू' म्हणतो, मग तो डोक्याने पांढरा का असेना. नातू खड्डा खणतात, वर घरच्यांची यथेच्छ टिंगल करतात, आणि शेवटी कोंबडी वसूल करतात. ते काहीही बोलले तरी रागवायचं नाही, असा रिवाज आहे. माझा नवरा गेला तेव्हा एक नातू मला म्हणाला होता, "बिचारा सुटला एकदाचा तुझ्या तोंडातून." त्या दिवसांत मी हसले ती तेवढीच.

"मग तुमचे नातू कुठे आहेत, गोगो?" चिसुसेने विचारलं.

"तेही तिथेच, चिखलात," म्हातारी म्हणाली.

चिसुसे एका पालथ्या घमेल्यावर बसला. पिशवीतून बावोची पाटी काढून तिच्यावर बिया चाळवत राहिला. मग म्हणाला, "गोगो, नातू व्हायला काय लागतं?"

"दुसरं कूळ लागतं. आणि हातात जोर."

"तळ्याकाठचा कोळी चालेल?"

"तोंडाळ असला तर फारच उत्तम."

"मग माझ्याकडे पुष्कळ आहेत," चिसुसे म्हणाला.

वरच्या ऑफिसात पाणी गळत होतं, म्हणून लीगची सभा माझ्या खानावळीत भरली. मी हलले नाही तिथून, पातेली घासत उभी राहिले. चिसुसेने सांगून टाकलं. नामवेराची माणसं मातीआड होईपर्यंत लीगचा एकही सामना नाही. शनिवार पूर्वीसारखेच लागतील, पण प्रत्येक क्लब पाळीपाळीने नामवेराला जाईल, कुदळी घेऊन. पहिली पाळी काम्बिरी फिशर्सची.

"हे वेळापत्रक आहे की थट्टा?" काडेवेरे उठला तसं टेबलही उठलं. "माझे खेळाडू दमतील, पाय मोडून घेतील!"

"सगळ्यांनाच सारखं दमवणार आहे. कोणाला पाळी जास्त नाही, कमी नाही. हवं तर पाटी बघून घ्या."

"कुठल्या नियमात बसतं हे?"

"बाम्बो काडेवेरे, तुमच्या शेजारी मयत झाली तर तुम्ही होडी घेऊन मासे मारायला जाता?"

"असं कसं जाईन?"

"मग लीग हा शेजार आहे की नुसता गुणांचा तक्ता, तेवढं सांगा. मी तसं पत्रक काढतो."

काडेवेरे खाली बसला. शेजारी मयत असताना हा घरी बसून राहिला, अशी बातमी तळ्याकाठी पोचली असती तर याच्या स्वतःच्या मयतीला कोण उभं राहिलं असतं? म्हणाला, "कुदळी तुमच्या की आमच्या?"

गेले की हो सगळे! काडेवेरे स्वतः गेला, चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला, त्याला बाहेर काढायला त्याचाच निम्मा संघ लागला. नामवेराची पोरं आता तंबूत बायकांच्या बाजूला बसून राहायची, रीतीप्रमाणे. लिम्बिकानीला ते खणण्यापेक्षा जड जात होतं. हात मांडीवर ठेवून तो नुसता कुदळींचे आवाज ऐकत राहायचा. फिशर्सचा स्ट्रायकर मावुतो, किडकिडीत, जिभेला हाड नाही असा, येता-जाता त्याला टोचायचा. "काय रे गोलकीपर, तुझी आई तुझ्यापेक्षा चपळ निघाली. हाताला लागतच नाही! कोंबडी पोसून ठेव." बाकीचे नामवेराचे लोक ओलं हसायचे. लिम्बिकानी रागवायचा नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

पाळ्या होत गेल्या. बरीच माणसं सापडली, रीतसर पुरली गेली. लिम्बिकानीची आई नाही सापडली. सगळ्यांची पाळी झाल्यावर गोगो म्हणाली, आता पुरे. जी राहिली त्यांच्या नावाने, देहाच्या जागी केळीचे खांब पुरू. दूर परदेशी, जोनीच्या सोन्याच्या खाणीत गेलेली माणसं परत आली नाहीत की आमच्याकडे असंच करतात.

"ती जोनीला नाही गेली, गोगो," लिम्बिकानी ओरडला. "ती इथेच आहे!"

"इथेच आहे रे बाळा. मातीत तर ती गेलीच आहे. तुझं रडून घेणं राहिलंय."

पोरगा उठला, आपली खेळाची पिशवी घेऊन आला. हातमोजे गुंडाळून ठेवायला आईने दिलेलं तिचं जुनं कापड त्यात होतं. हातमोजे बाहेर काढून त्याने ते कापड गोगोला दिलं. त्यात गुंडाळून तो खांब पुरला. खड्डा मावुतोने खणला, आणि तेवढ्या वेळात त्याने एकही थट्टा केली नाही.

सुतक फिटल्यावर लिम्बिकानी माझ्या खानावळीत आला, डोकं भादरलेलं. मी ताट वाढलं. तो चिसुसेपुढे उभा राहिला.

"आता तारीख द्या, बाम्बो."

चिसुसेने पाटी त्याच्याकडे फिरवली. "तू ठेव."

लिम्बिकानीने नामवेराची बी उचलली आणि वरच्या ओळीत ठेवली, घरच्या सामन्यांच्या. काडेवेरे पलीकडून मान लांब करून बघतच होता. "अरे, तुमच्या मैदानावर तंबू आहेत!"

"तंबूवाले म्हणतात, आम्ही दोर सोडतो, सरकून बसतो. आयतं बिनतिकिटाचं बघायला मिळतंय."

नामवेरा आणि फिशर्सच्या सामन्याला मी गेले ती एक गोष्ट पक्की ठरवून. चिसुसेच्या शेजारीच बसायचं, आणि पहिला गोल झाला की मैदानाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचं. तोंड हसलं की पडलं, यावरून तो कोणाचा ते कळेल. ढोल वाजत होते. वादळानंतर नामवेरात वाजलेले ते पहिले ढोल. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून चिसुसेवर नजर ठेवून होते.

आणि मावुतोने गोल मारला. सरळ, लिम्बिकानीच्या हाताखालून. नामवेराचे ढोल गपकन थांबले. मावुतो धावत गोलपाशी गेला, कोपरं पंखांसारखी फडफडवत, आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला, "माझी कोंबडी कुठाय? खड्डा खणून हात सोलले माझे, कोंबडी कुठाय?"

लिम्बिकानी चिखलात बसला होता. त्याने वर पाहिलं. आधी खांदे हलले, मग तो हसला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि हसता हसता मोठ्याने म्हणाला, "देतो रे नातवा, देतो!" गोगो नासोलो हसली, तंबूतल्या बायका हसल्या आणि रडल्या, ढोल पुन्हा सुरू झाले.

मीही पदराने डोळे पुसत बसले, आणि चिसुसेच्या तोंडाकडे बघायचं राहूनच गेलं.