रांगेत परत ठेवलेली कुंडी

आजारी झाड वेगळं ठेवलं तर त्याचा अपमान होतो का हो? हसू नका. अकरा वर्षांची असताना मला तसंच वाटायचं.

आमचं कोल्हापुरातलं बौद्ध घर. माझे वडील, आप्पा, छापखान्यात कामाला. ते जातीच्या बहिष्काराविरुद्धची, खराब छापली गेलेली पत्रकं घरी आणायचे आणि मी ती पाठ करायची. अंगणातल्या पत्र्याखाली रांगेने आईच्या पाच कुंड्या होत्या. शाहूवाडीकडे रस्त्यासाठी पाडलेल्या आंब्यावरची ऑर्किडं, सीतेची वेणी म्हणतात ती, तिने पदरात घालून आणली होती. कोळसा नि विटांच्या तुकड्यांत लावली. पुढच्याच वर्षी आई गेली. तिचा धड फोटोही नव्हता, या कुंड्याच काय त्या होत्या.

त्या आषाढात एका रोपाच्या शेंड्यात पाणी साचून कोवळं पान तपकिरी, मऊ झालं. आप्पांनी सडका भाग कापला, बुरशीनाशक लावलं, स्टोव्हवर ब्लेड तापवून घेतलं आणि ती कुंडी मागच्या भिंतीशी एकटीच ठेवली.

मी भडकले. "आप्पा, हिला गावाबाहेर का ठेवलं?"

"बुरशी हाय तिला. पाणी उडलं की दुसऱ्यांना लागतीया."

"कुणालाबी येगळं ठेवायचं न्हाय, पत्रकातच हाय!"

"लई शानी! पत्रक मीच छापलंय की," म्हणून ते हसले.

दोन दिवसांनी ते आजारी चुलत्यांकडे आजऱ्याला गेले. आत्या आमच्या घरी माझ्यापाशी येऊन राहिली. आप्पांची पाठ वळताच कुंडी रांगेत मधोमध आणून ठेवली. रोज संध्याकाळी पाचही झाडांवर वरून सारखं पाणी घातलं. केवढा अभिमान वाटला होता मला!

आठवड्याने ते परतले तेव्हा पाचही शेंडे काळे पडले होते. पान ओढलं की हातात येत होतं.

"मीच ठेवली," मी म्हणाले.

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उकिडवे बसून एकेक शेंडा चाचपत राहिले. "हिला बरी करून परत आणणार होतो गं पोरी," एवढंच बोलले. फवारणी केली, पण एकही रोप वाचलं नाही. आप्पांनी पुन्हा अंगणात काही लावलं नाही.

बहिष्काराविरुद्ध मी आजही लिहिते. पण तुमच्या ऑर्किडवर ओला, तपकिरी डाग दिसला तर कुंडी आजच बाजूला काढा, वारा लागेल अशी ठेवा. ब्लेड तापवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. पाणी सकाळी द्या, मुळांना द्या. आणि घरातलं एखादं मूल त्यावरून भांडायला आलं, तर हसून सोडून देऊ नका. त्याला जवळ बसवा, ते मऊ पान त्याच्या बोटाला लागू द्या आणि त्याला पटेपर्यंत सांगा.