फ्लोराइडचा वैरी

माझ्या मावसभावाइतका पाण्याकडे संशयाने बघणारा माणूस अख्ख्या लालबाग-परळात दुसरा सापडणार नाही. तुम्ही-आम्ही तहान लागली की पाणी पितो. दादा आधी पेला उजेडात धरतो, मग हुंगतो, मग एक घोट तोंडात घोळवत छताकडे बघतो, आणि एवढ्यावर ते पाणी त्याच्या मनास आलं तरच पितो. त्याच्या लग्नाच्या बोलणीला आम्ही दादरला मुलीकडे गेलो होतो, तिथेही त्याने हा सगळा विधी साग्रसंगीत केला. पाण्यात काही पडलं असावं असं वाटून मुलीची आई बिचारी पेले बदलत राहिली. ती मुलगी म्हणजे आमची वहिनी. ती सांगते, "मला वाटलं, माणूस चिकित्सक आहे, संसाराला बरा. ही चिकित्सा उद्या माझ्या आमटीपर्यंत येणार, हे कुठे ठाऊक होतं!"

पुढे कधीतरी त्याच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलं की परदेशात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळतात. झालं. त्या दिवसापासून फ्लोराइड हा दादाचा खासगी वैरी झाला. आपल्याकडे मिसळतात का, हे विचारायला त्याने महापालिकेत फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "साहेब, पाणी येतंय का?"

"येतंय."

"प्रेशर आहे?"

"आहे."

"मग तक्रार काय आहे तुमची?"

हा संवाद दादा कितीतरी महिने पुरावा म्हणून ऐकवत असे. "बघ, मिसळत नाही असं तो म्हणाला नाही. एकदाही नाही म्हणाला!"

घरातली टूथपेस्ट अर्थातच हद्दपार झाली आणि दंतमंजनाचं उत्पादन सुरू झालं. बदामाची टरफलं जाळायची, त्यात सैंधव, लवंग आणि बाभळीची साल कुटून घालायची. पूर्वी चाळीत हे गॅलरीत शेगडीवर खपून गेलं असतं. आता चाळीच्या जागी टॉवर आहे. पहिल्याच दिवशी सगळ्या मजल्यांवर आगीची घंटा वाजली आणि वॉचमन लाल बादली घेऊन धापा टाकत वर आला. दादाने त्याला पंख्याखाली बसवलं, कोकम सरबत पाजलं आणि जाताना मंजनाची बाटली हातात दिली. त्या वर्षी भाऊबीजेला आम्हा बहिणींनाही ओवाळणीत बाटल्याच मिळाल्या. फोटोत आम्ही सगळ्याजणी काळ्या दातांनी हसतोय.

खरी पंचाईत अशी, की त्याचे निम्मे उपाय लागू पडायचे. सर्दीला ओव्याची पुरचुंडी, पोटदुखीला बेंबीवर हिंग, घशाला ज्येष्ठमध. माझ्या मुलाचा खोकला त्यानेच घालवला. त्यामुळे हसायचं म्हटलं तरी पूर्ण हसता येत नसे.

त्याची एकुलती मुलगी चिनू दुसरीत असताना शाळेत दंततपासणी ठरली. मुलांच्या दातांना कीड लागू नये म्हणून फ्लोराइडचा लेप लावणार होते आणि त्यासाठी पालकांची संमती हवी होती. दादाने कागदाच्या दोन्ही बाजू भरून नकार लिहून पाठवला. बाई वहिनीला म्हणाल्या, "नुसतं 'नको' लिहिलं असतं तरी चाललं असतं हो." वहिनी तिथे हसली खरी. पण चिनूला लेप लावून घ्यावा, असं तिला वाटत होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग काही महिन्यांनी चिनूची दाढ दुखायला लागली. दादाने लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, ठणका थांबला. पुन्हा दुखली, पेरूच्या पानांच्या गुळण्या झाल्या. वहिनी डॉक्टरचं नाव काढायची, की हा म्हणायचा, "दुधाची दाढ आहे ती, पडणारच आहे. उगाच पोरीच्या अंगात औषधं कशाला?"

एका रविवारी सकाळी मी प्रभादेवीहून त्यांच्याकडे गेले, तर दार उघडायला चिनू आली. तिचा गाल एवढा सुजला होता, की एका बाजूचा डोळा बारीक दिसत होता. अंग तापलं होतं. स्वयंपाकघरात दादा सहाणेवर आंबेहळद उगाळत होता. मावशी, म्हणजे दादाची आई, पलंगावरून ओरडली, "अरे, पोरीचो गाल बघ मरे! लेप कसले लावतंस?"

वहिनी चिनूच्या पायात चपला घालत होती.

"कुठे चाललीस?" दादाने विचारलं.

"डॉक्टरकडे."

"लेप तयार होतोय. संध्याकाळपर्यंत बघू."

वहिनी उभी राहिली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुझ्या मंजनाने मी इतकी वर्षं दात घासले. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्याले. माझं शरीर आहे, मी चालवून घेतलं. पण ही तुझी एकट्याची नाहीये. मीसुद्धा आई आहे तिची."

आम्ही खाली उतरून टॅक्सीत बसतोय तोवर दादा धावत आला आणि पुढच्या सीटवर बसला. हात हळदीने पिवळे होते. वरळी नाक्यापर्यंत तो ते रुमालाने पुसत होता.

तिथल्या दातांच्या डॉक्टर वयाने लहानच होत्या. त्यांनी चिनूला तपासलं आणि सांगितलं, दाढेच्या मुळाशी पू झालाय, तो आजच काढायला हवा, दाढही ठेवता येणार नाही. "लवंगेने दुखणं कमी झालं असेल, पण कीड आत वाढतच राहिली. आणखी थांबला असतात तर जड गेलं असतं." मग त्या औषध लिहायला लागल्या आणि म्हणाल्या, "अँटिबायोटिक देतेय."

दादा खुर्चीतून उठला. "कुठलं? त्याने दात... दात पिवळे पडणार नाहीत ना तिचे?"

डॉक्टरांनी वर बघितलं आणि त्यांची नजर दादाच्या दातांवर थांबली. दादाचे दात तपकिरी आहेत, आडव्या पट्ट्यांचे. आम्हाला त्यांची इतकी सवय, की ते कधी दिसतच नसत.

"लहानपणी मोठा ताप आला होता तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"टायफॉइडसारखं काहीतरी. डॉक्टरने गोळ्या दिल्या, आईने घातल्या. नंतरचे सगळे दात असेच आले." तो वहिनीकडे बघत नव्हता. "शाळेत पोरं मला गंज म्हणायची. आईला कुणी सांगितलंच नव्हतं, असं होईल म्हणून. तिला काय कळणार?"

"ते औषध आता एवढ्या लहान मुलांना देत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "हे वेगळं आहे. नाव वाचा, हवं ते विचारा." दादाने लगेच फ्लोराइडचं विचारलं. "फ्लोराइडचं म्हणाल, तर काही गावांत विहिरीच्या पाण्यातच ते जास्त असतं, तिथे दात खरंच खराब होतात. मुंबईच्या पाण्यात कुणी मिसळत नाही. हिला वाटाण्याएवढी पेस्ट द्या, गिळू देऊ नका. एवढंच."

दादाने भरपूर विचारलं. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला दिली असावीत. मग चिनूला खुर्चीवर बसवलं आणि तिने हात मागितला तो बापाचा. सगळं होईपर्यंत तो तिच्याशी मालवणीत काहीबाही बडबडत होता. वहिनी भिंतीशी उभी राहून डोळे पुसत होती.

दोन-चार दिवसांत गाल उतरला. त्यानंतर त्या घरात एक शिरस्ता पडला. चिनूचं काहीही ठरवायचं, तर दोघांनी बसून ठरवायचं. ओवा, हिंग राहिले, डॉक्टरही राहिले. भांडणं व्हायची, पण दोघांची व्हायची.

आता चिनू कॉलेजात आहे. परवा दादाचा फोन आला. म्हणाला, "अगं, चिनू डॉक्टरकडून दात साफ करून आली. एकटीच गेली. आल्यावर सांगितलंन."

"मग? रागावलास?"

"छे गं. चांगलंच केलंन." मग तो हळूच म्हणाला, "पण जाताना विचारायचं तरी. मी हो म्हटलं असतं."